पुढचे शॉकअप

२०२४च्या गुढीपाडव्याला घरी गेलो होतो, तेव्हा अण्णांच्या स्प्लेंडरच्या पुढच्या उजव्या शॉकअपला एक चिंधी बांधलेली दिसली. जुन्या बनियनची. नीट घडी घालून, सुतळीचे दोन वेढे देऊन पक्की केलेली. सोडून पाहिली तर तेलाने चिंब. वरच्या चकचकीत पाईपवरून बोट फिरवलं, तर बोटाला काळपट ओशट थर लागला.

"अण्णा, सील गेलंय याचं."

"होय, महिना झाला. फार नाही, जरासं झिरपतंय."

"पुढच्या वेळी आलो की बघतो."

"बघ की. सवडीनं."

मी चिंधी पुन्हा बांधली आणि संध्याकाळच्या बसने पुण्याला परतलो. मे महिन्यात एकदा घरी गेलो, तेव्हा लग्नं होती. जूनमध्ये ऑफिसातून सुट्टी मिळाली नाही. जुलैत पाऊस होता. ऑगस्टमध्ये आईचा फोन आला. अण्णा पडले होते. बाजारातून कृष्णा पुलावरून घराकडे येताना, अंधार पडायच्या वेळी, पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. उजवं मनगट मोडलं.

आई सगळं सांगत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर ती चिंधी होती.

*

अण्णा पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिक्षक होते. आमचं घर कराडला, त्यामुळे रोज कराड-चिपळूण रस्त्याने जाऊन पुढे आत कुठेतरी वळायचं. बदली झाली की वळायची जागा बदलायची, रस्ता तोच. ही गाडी त्यांनी १९९७ साली घेतली. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. टाकीवर बसून हॅंडलच्या मधोमध हात धरायचे आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक एसटीला घाबरायचं, एवढं मला आठवतं. हिरो आणि होंडा तेव्हा एकत्र होते, टाकीवर दोघांचंही नाव असायचं. पुढे २०१०च्या डिसेंबरात त्या दोघांनी वेगळं व्हायचं जाहीर केलं, ती बातमी अण्णांनी पेपरात वाचून दाखवली होती. "आता पार्ट मिळतील का रे?" एवढंच विचारलं होतं.

पार्ट मिळत राहिले. गाडीला पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत नेऊन पासिंग करून आणायचं, मग दर पाच वर्षांनी पुन्हा. २०२२च्या एप्रिलपासून दुचाकीच्या नूतनीकरणाची फी तीनशेवरून हजार झाली, तरी अण्णांनी तक्रार न करता भरली. आई म्हणायची, या गाडीवर जेवढा खर्च केला त्यात एक म्हैस आली असती. अण्णा म्हणायचे, म्हशीवर बसून शाळेत जाता येत नाही. २०१४ला निवृत्त झाल्यावर हे उत्तर लागू होत नव्हतं, तरी ते तेच द्यायचे.

दिवाळीला मी गेलो तेव्हा प्लास्टर निघालं होतं. डॉक्टरांनी मऊ चेंडू दिला होता, तो दाबत अण्णा ओसरीवर बसलेले. गाडी अंगणात, आंब्याखाली, ताडपत्रीत. आईने पहिल्या दिवशीच चहा देताना सांगितलं, "भंगारवाला येऊन बघून गेलाय. यांच्यासमोर बोलू नको. दिवाळी झाली की देऊन टाकू."

मी म्हणालो, "मी आधी शॉकअप करतो."

"कशाला? पुन्हा पडायला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण सकाळी उठून मी ताडपत्री काढली.

*

शॉकअप म्हणजे काय हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. स्प्रिंग असते, दणका खाते, एवढंच. गावातले एक म्हातारे मिस्त्री आहेत, आता गॅरेज मुलाकडे दिलंय, ते गाडी लावलेल्या स्टुलावर बसून असतात. सील आणायला गेलो तेव्हा त्यांनी समजावलं.

"स्प्रिंग दणका खात नाही, दादा. उधार घेती. खड्ड्यात चाक गेलं की दाबली जाती, आन् लगेच सगळं परत करती. नुसती स्प्रिंग असली तर गाडी खड्डा संपल्यावर पण उड्याच मारत बसंल. दणका खातंय ते तेल."

आतली रचना साधी असते. वर चकचकीत पाईप, तो टी-ला घट्ट धरलेला. खाली ॲल्युमिनियमचं नळकांडं, त्याला चाक. पाईप नळकांड्यात खालीवर सरकतो. आत स्प्रिंग, आणि मधोमध बारीक भोकं असलेली एक दांडी. शॉकअप दाबला किंवा सुटला की तेलाला त्या बारीक भोकांतून वाट काढावी लागते. घाईत काढता येत नाही. त्या ओढाताणीत दणक्याची ताकद तेल गरम करण्यात खर्च होते आणि चाक जमिनीला धरून राहतं. असं तेलाने सावरणारं टेलिस्कोपिक शॉकअप कारखान्यातून निघणाऱ्या गाडीवर पहिल्यांदा आणलं बीएमडब्ल्यूने, १९३५ साली. त्याआधीच्या गाड्यांना पुढे लोखंडी सांगाडा आणि उघडी स्प्रिंग असायची. नव्वद वर्षं होत आली, आणि आपल्या रोजच्या शंभर सीसीच्या गाड्यांमध्ये अजूनही मूळ कल्पना तीच आहे.

आणि हे सगळं तेल आत धरून ठेवतो तो एक रबरी गोल. अंगठ्यापेक्षा थोडा मोठा. ऑईल सील. तो पाईपला चहूबाजूंनी ओठासारखा चिकटून असतो. पाईपवर गंज चढला, दगडाचा टवका उडाला, चिखल वाळून बसला, की तो ओठ फाटतो. रबर नुसतं म्हातारं झालं तरी कडक होतं. यात गाडीचा दोष नसतो. ठरावीक दिवसांनी बदलायची ती वस्तू आहे.

"एका बाजूचं तेल गेलं तर काय होतं?" मी विचारलं.

"काय व्हनार? एक पाय उड्या मारतोय, एक पाय धरतोय. सरळ रस्त्याला कळत न्हाई. खड्ड्यात ब्रेक मारला की कळतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "गुरुजी कसं हायत?"

दोन ऑईल सील, दोन डस्ट सील, तळाच्या बोल्टचे दोन तांब्याचे वायसर आणि फोर्क ऑईल. साडेचारशेच्या आत सगळं आलं. पाडव्याला एवढेच पैसे आणि एक सकाळ लागली असती.

*

गाडी मेन स्टँडवर घेतली. इंजिनाखाली एक लाकडी ठोकळा आणि त्यावर वीट सरकवली, म्हणजे पुढचं चाक अधांतरी राहतं. मागच्या चाकाला दगड लावले. ब्रेकची केबल सोडली, मीटरची केबल सोडली, एक्सल काढला, चाक बाजूला. मडगार्डचे चार बोल्ट. त्यातला एक गंजून मिठासारखा झाला होता, त्याला रॉकेल पाजून तासभर ठेवावं लागलं. अण्णा खुर्ची घेऊन जवळ येऊन बसले. डाव्या हाताने काढलेले नट एका जुन्या डब्याच्या झाकणात ओळीने लावत गेले. कुठला कुठून आला हे खडूने फरशीवर लिहिलं. पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं अक्षर, पण आता डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारखं वाकडं.

दोन्ही नळ्या ओढून काढल्या. वरचा बोल्ट सोडताना आतली स्प्रिंग दाबलेली असते, तो शेवटच्या आट्यांना उडून तोंडावर येऊ शकतो, म्हणून वर फडकं धरून हळूहळू. आधी डावी नळी एका पातेल्यावर उलटी केली. राखाडी तेल आलं, कुजलेल्या मासळीसारखा वास. नळी पाच-सहा वेळा दाबून सगळं काढलं. पातेल्यात बऱ्यापैकी तेल जमलं.

मग उजवी. उलटी धरली. काही आलं नाही. दाबली, हलवली. शेवटी चमचाभर काळा चिकट गाळ पातेल्याच्या दुसऱ्या कडेला पडला.

ते पातेलं माझ्या आणि अण्णांच्या मध्ये होतं. मी बराच वेळ काही बोललो नाही. मग विचारलं, "तुम्हाला कळत होतं ना, गाडी खाली बसतेय ते? ठक् असा आवाज येत असणार."

"येत होता की."

"मग गॅरेजला का नाही टाकली?"

"तू बघतो म्हणालावतास."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी खाली बघून स्प्रिंग पुसत राहिलो. थोड्या वेळाने ते म्हणाले, "खड्डा दिसला नाही मला. पाणी भरलं होतं. नवी गाडी असती तरी गेलोच असतो त्यात." पुन्हा थोड्या वेळाने, "पण पडलो नसतो कदाचित. ते काय आता सांगता येत नाही."

तेवढ्यावर तो विषय संपला. नंतर मी पुण्यात रात्री कितीदा तरी ते वाक्य उलटसुलट करून पाहिलंय. ते सांगता येत नाही, हेच खरं आहे.

*

पुढची चूक माझी. नळकांड्याच्या बुडात एक एलन बोल्ट असतो, तोच आतली दांडी धरून ठेवतो. तो सोडल्याशिवाय पाईप आणि नळकांडं वेगळं होत नाही. मी फिरवायला लागलो तर बोल्टबरोबर आतली दांडीही फिरायला लागली. कितीही फिरवा, गरगर. हा बोल्ट स्प्रिंग आत असतानाच ढिला करायचा असतो, कारण स्प्रिंग दांडीला दाबून धरते. मी स्प्रिंग आधीच काढून धुऊन वाळत घातली होती.

स्प्रिंग परत आत टाकली, वरचा बोल्ट लावला. आता नळी उलटी उभी करून वरून जोरात दाबायला हवी होती, म्हणजे स्प्रिंग दांडीवर चेपून बसेल, आणि त्याच वेळी एलन कीला झटका. दाबायला एक माणूस, झटका द्यायला एक. अण्णा उठले, उजवा हात ठेवला आणि चेहरा कसनुसा झाला. "नाही जमत," म्हणाले.

आई दारात चकल्यांचं पीठ लागलेल्या हातांनी उभी होती. किती वेळ, माहीत नाही. पदराला हात पुसत खाली आली. "कुठं दाबायचं?"

गोणपाटावर नळी उभी केली. आईने दोन्ही तळवे नळकांड्याच्या दोन बाजूंना ठेवून अंगाचा सगळा भार टाकला. मी एलन कीच्या टोकाला पाण्याच्या नळाचा लोखंडी तुकडा लावला आणि झटका दिला. एकदा नाही झालं. दुसऱ्यांदा कट् असा आवाज आला आणि बोल्ट सुटला.

"झालं?" आई म्हणाली.

"अजून दुसरी आहे."

"मग आण की."

दुसरी पहिल्याच झटक्याला सुटली. आई पुन्हा आत गेली. भंगारवाल्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

*

पाईप मोकळे झाल्यावर ते वाकलेत का हे बघायचं होतं. अपघातात वाकलेला पाईप सरळ करून घालू नये, असं मिस्त्रींनी बजावलं होतं. बघायला सपाट जागा लागते. अण्णांच्या टेबलावर जाड काच आहे, तिच्याखाली बदल्यांचे आदेश, चौथीच्या एका वर्गाचा फोटो आणि माझी दहावीची गुणपत्रिका. काच पुसून तिच्यावर पाईप लोळवला. वाकलेला असेल तर लोळताना उचक्या देतो, खालून उजेडाची फट दिसते. दोन्ही पाईप गुपचूप गडगडत टोकाला गेले. अण्णांनी दोन्ही वेळा तिकडून हात लावून परत पाठवले.

जुनं सील काढायला आधी वरचं डस्ट सील, मग तारेचं लॉक. सील अडकून बसलेलं. टॉमी घालून उचकटताना नळकांड्याची कड दुखावली तर नवं सीलही गळणार, म्हणून कडेला लाकडाची चपटी काडी ठेवून, एका जागी जोर न लावता, चहूबाजूंनी. निघालं तेव्हा बोटात दाबून बघितलं. बिस्किटासारखं कडक.

उजव्या पाईपवर गळतीचं कारण शोधत होतो. माझ्या डोळ्यांना दिसेना. अण्णांनी पाईप मागितला, मांडीवर आडवा घेतला आणि डाव्या अंगठ्याचं नख हळूहळू त्यावरून ओढत नेलं. एका जागी थांबले. "इथं." मोहरीएवढा खड्डा होता, कडेला गंजाची बारीक धार. सील तिथूनच रोज शेकडो वेळा जात होतं. दीड हजार नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून ती धार मऊ केली, नखाला लागेनाशी होईपर्यंत. खड्डा तसाच राहिला. खरं म्हणजे पाईप बदलायला हवा. तो दुकानात नव्हता, दिवाळीनंतर मागवतो म्हणाले. तोवर हे चालेल, पण लक्ष ठेवावं लागेल.

नवं सील घालायच्या आधी पाईपच्या टोकावर तेल लावलेली प्लॅस्टिकची पिशवी चढवली, म्हणजे कडेने ओठ कापला जात नाही. बारीक स्प्रिंग असलेली बाजू खाली, तेलाकडे. वर जुनं सील ठेवून त्यावर मापाचा पीव्हीसी पाईप आणि हातोडीचे हलके ठोके. आवाज बद्द येतो, मग एकदम टणक होतो. टणक झाला की बसलं. लॉक खाचेत टिकलं, म्हणजे नक्की बसलं. बुडाच्या बोल्टला नवे तांब्याचे वायसर.

तेल मोजायला अण्णांच्याच औषधाचं माप घेतलं. किती हे माहितीपुस्तकात दिलेलं असतं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्हींत सारखं. अण्णा मोजत होते. "एक... दोन..." मोठ्याने, वर्गात पाढे म्हणवून घेताना ठेवायचे तसा ठेका धरून. मग नळी हळूहळू दाबायची आणि सोडायची, आतली हवा निघेपर्यंत. सुरुवातीला पाईप पोकळ वाटतो. दहा-बारा वेळा दाबल्यावर हाताला कळतं, आता आतून कुणीतरी धरतंय.

चाक लावलं. एक्सलचा नट शेवटी आवळला, त्याआधी पुढचा ब्रेक धरून गाडी चार वेळा दाबली, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी बसतात. पूर्वी दाबली की ठक् करून खाली आणि लगेच वर यायची. आता खाली गेली, आणि सावकाश, एकदाच, वर आली.

*

मी एक चक्कर मारून आलो. पुलापर्यंत. तो खड्डा तेव्हा मुरूम टाकून बुजवलेला होता. मुद्दाम त्यावरून गेलो. येताना अण्णांना मागे बसवून पुन्हा गेलो. ते काही बोलले नाहीत. घराजवळ उतरताना सीटवर थाप मारली.

मग आईने मला नको असलेला प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी अण्णांच्या समोर. "आता किल्ली कुणाकडं?"

गाडी दुरुस्त करणं म्हणजे अण्णांना पुन्हा रस्त्यावर पाठवणं, हे मला सकाळपासून माहीत होतं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, मोडलेलं मनगट. गाडी भंगारात देणं सोपं होतं, आणि कदाचित शहाणपणाचंही. पण माझी आळशी चूक मी त्यांच्या गाडीवर आणि वयावर ढकलतोय, असंही वाटत होतं. यातलं बरोबर काय हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही.

अण्णांनीच वाट काढली. "पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. मी ब्रेक धरतो, तू गाडी ढकल. सरकली तर किल्ली हिच्याकडं."

ते गाडीवर बसले. ब्रेक धरला. मी मागून ढकललं. गाडी वीतभर सरकली.

त्यांनी किल्ली काढून आईच्या हातात दिली. आईने ती देवघरातल्या खिळ्याला अडकवली. पुढचे अडीच महिने ते रोज चेंडू दाबत होते, हे मला फोनवर कळायचं. दर रविवारी ब्रेक धरायचे, आई ढकलायची. आधी वीतभर, मग चार बोटं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "अरे, मी ढकलली. हलली नाही." आवाजात काळजी होती की दुसरं काही, ओळखता आलं नाही. दोघं तिळगूळ द्यायला माझ्या मावशीकडे गाडीवरून जाऊन आले होते. दिवसाउजेडी, आणि पाऊस असेल तर गाडी काढायची नाही, ही आईची अट.

पाईप मी फेब्रुवारीत बदलला. या वेळी "पुढच्या वेळी" म्हणालो नाही, पार्ट आल्याचं कळलं त्याच शनिवारी गेलो आणि बोल्ट स्प्रिंग आत असतानाच ढिला केला. जुना पाईप अण्णांनी टाकू दिला नाही, आंब्याला आळं करताना खुंटी म्हणून ठोकलाय.

आता रविवारी फोन केला की जेवलास का, पाऊस आहे का, हे सगळं झाल्यावर अण्णा स्वतःच सांगतात. सकाळी दोन्ही पाईपवरून बोट फिरवून झालेलं असतं.

"कोरडं आहे," म्हणतात, आणि फोन आईकडे देतात.